पक्ष्याची चोच स्पष्ट, डोळा धुरकट : दोष कॅमेऱ्याचा की अंतराचा? उजनीकाठच्या होडीवाल्यांनी समजून घ्यावं असं ‘अ‍ॅपर्चर’

भिगवण : थंडी पडली की इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूला पहाटेपासूनच पुण्या-मुंबईच्या गाड्या लागायला सुरुवात होते. गाडीतून हातभर लांबीच्या लेन्सा निघतात, होडीवाला होडी सोडतो आणि मंडळी रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला उजनीच्या फुगवट्यात शिरतात. दोन तासांनी काठावर परत आल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून बघणं सुरू होतं आणि बऱ्याच वेळा तोंडं उतरतात. चोच एकदम स्पष्ट, डोळा मात्र धुरकट. किंवा पुढचा रोहित छान आलाय आणि मागचे चार नुसते गुलाबी डाग. मग नाराजी निघते होडीवाल्यावर. “अजून जवळ घ्यायला पाहिजे होती होडी.”

गंमत अशी की होडी अजून जवळ घेतली असती तर फोटो बहुतेक अजून बिघडला असता. पक्षी उडाले असते ही एक गोष्ट झालीच. पण ते जागेवर थांबले असते तरी त्यांच्या अंगाचा स्पष्ट येणारा भाग आणखी कमी झाला असता. हे गिऱ्हाइकाला नीट सांगता आलं तर होडीवाल्याचं बोलणं खाणं वाचेल आणि पक्ष्यांनाही चरायला मिळेल. त्यासाठी कॅमेऱ्यातली एकच गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे अ‍ॅपर्चर.

टाचणीच्या भोकातून पेपर

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक. पातळ पात्यांचं असतं, लहान-मोठं करता येतं. आपल्या डोळ्यातली बाहुली उन्हात बारीक होते आणि अंधारात मोठी होते, तसंच.

भोक बारीक झाल्यावर काय होतं हे घरबसल्या बघता येतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने चष्मा काढून पेपर हातात घ्यावा. अक्षरं फुगलेली दिसतील. आता जाड कागदाला टाचणीने भोक पाडायचं, ते डोळ्याला चिकटवायचं आणि त्यातून तोच पेपर उजेडात बघायचा. अक्षरं स्पष्ट होतात! चष्मा नसताना. फक्त अंधारून आल्यासारखं दिसतं, कारण भोक लहान म्हणजे उजेडही कमी.

याचं कारण सोपं आहे. एखाद्या वस्तूच्या एका ठिपक्यापासून निघालेला प्रकाश लेन्सच्या सगळ्या तोंडातून आत येतो आणि मागे एका जागी गोळा होतो. जिथे फोकस केलाय त्या अंतरावरचा ठिपका बरोबर सेन्सरवर गोळा होतो, म्हणून ठिपकाच राहतो. त्याच्या पुढचा किंवा मागचा ठिपका सेन्सरवर नीट जुळत नाही, त्याची पसरट टिकली होते. भोक मोठं तर टिकली मोठी, भोक लहान तर टिकली लहान. टिकली इतकी लहान झाली की आपल्या डोळ्याला ती ठिपकाच वाटते, तेव्हा आपण म्हणतो फोटो स्पष्ट आला. फोकसच्या पुढे-मागे जेवढ्या अंतरात असं स्पष्ट दिसतं, त्या पट्ट्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ‘डेप्थ ऑफ फील्ड’. इथे त्याला नुसता पट्टा म्हणू.

चार भावांची वाटणी

कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चरचा आकडा एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ असा दिसतो. नवीन माणूस इथेच अडखळतो, कारण आकडा वाढला की भोक लहान होतं. यात उलटं काही नाही. एफ/४ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंथचा चौथा हिस्सा, एफ/८ म्हणजे आठवा हिस्सा. जमीन चार भावांत वाटली तर वाट्याला जास्त येते, आठ भावांत वाटली तर कमी. तेवढंच.

उजेडाचा हिशोब पाइपासारखा. दोन इंची पाइपापेक्षा चार इंची पाइपाचं तोंड दुप्पट नाही, चौपट असतं. तसंच एफ/८ पेक्षा एफ/४ ला चौपट उजेड येतो. वर लिहिलेले पाच आकडे म्हणजे एकेक पायरी, दर पायरीला उजेड निम्मा.

भिगवणला येणाऱ्यांकडे बऱ्याचदा ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स असते आणि त्या टोकाला तिचं सगळ्यात मोठं भोक साधारण एफ/६.३ असतं. ६०० भागिले ६.३ म्हणजे जवळपास ९५ मिलिमीटर. आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं भोक झालं हे. आपल्या मोबाइलच्या मागे एफ/१.८ लिहिलेलं असतं, म्हणजे आकड्याने तो भारी. पण मोबाइलच्या लेन्सची खरी फोकल लेंथच पाच-सात मिलिमीटर असते. तिला १.८ ने भागलं की भोक निघतं तीन-चार मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढं. म्हणून मोबाइलवर पक्षी, बांध, ऊस, मागचा विजेचा खांब सगळं सारखंच स्पष्ट येतं आणि मोठ्या लेन्समध्ये पक्ष्याचं शेपूटसुद्धा पट्ट्याबाहेर जातं.

पट्टा किती रुंद?

आता मुद्द्याची गोष्ट. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स एफ/६.३ ला ठेवली आणि पक्षी १० मीटरवर असला तर स्पष्ट पट्टा मिळतो फक्त १० सेंटीमीटरच्या आसपास. टीचभर पण नाही. पक्षी २० मीटरवर असेल तर पट्टा ४० सेंटीमीटर होतो. ४० मीटरवर तोच पट्टा दीड मीटरच्या वर जातो. अंतर दुप्पट झालं की पट्टा चौपट, हा त्यातला नियम. लहान सेन्सरच्या, म्हणजे ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात त्या कॅमेऱ्यावर हे आकडे साधारण एक तृतीयांशाने कमी धरायचे.

आता अ‍ॅपर्चर बदलून काय मिळतं ते बघा. १० मीटरवरच राहून एफ/६.३ चं एफ/११ केलं तर १० सेंटीमीटरचा पट्टा १७-१८ सेंटीमीटर होतो. वाढलं सात-आठ सेंटीमीटर आणि उजेड उरला फक्त तिसरा हिस्सा. याउलट होडी १० मीटर मागे ठेवली असती तर उजेड तेवढाच राहून पट्टा चौपट झाला असता. पक्षी फोटोत लहान दिसतो हे खरं. नंतर फोटो कापून तो पहिल्याएवढा मोठा केला तर चौपटीचा फायदा निम्म्यावर येतो. पण निम्म्यावर आला तरी दुप्पट पट्टा हातात राहतोच.

मोठा रोहित चार-पाच फूट उंच. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास. असा पक्षी १० मीटरवर आपल्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मान पुढे काढली, तर १० सेंटीमीटरच्या पट्ट्यात चोच बसेल किंवा डोळा बसेल, दोन्ही बसायचं नाही. तोच पक्षी आडवा, म्हणजे कॅमेऱ्याला समांतर उभा असला तर डोकं, मान, पाय सगळं जवळपास एकाच अंतरावर येतं आणि तेवढ्याच पट्ट्यात आख्खा पक्षी मावतो.

म्हणून होडी पक्ष्याच्या समोर जाऊन भिडवायची नाही, बाजूने घ्यायची. आकडा गिऱ्हाइकाच्या हातात असतो, पण अंतर आणि कोन होडीवाल्याच्या हातात असतो, आणि वरच्या हिशोबात अंतरच जास्त वजनदार निघालं.

पक्ष्यांचाही इशारा असतो. रोहित चरताना डोकं खाली पाण्यात घालून उलट्या चोचीने चिखल गाळत असतात. होडी जास्त जवळ आली की एकेक मान वर होते, मग सगळे एका दिशेला चालायला लागतात, मग पाण्यावर धावत जाऊन उडतात. माना वर झाल्या की थांबायचं. चालायला लागले म्हणजे उशीर झालेला आहे. काही पर्यटक मुद्दाम “थवा उडवा” असा आग्रह धरतात, जादा पैसेही देऊ करतात. पण सकाळी सकाळी तीन-चार होड्यांनी असा थवा उडवला तर तो दिवसभर त्या बाजूला फिरकेलच असं नाही, आणि नऊच्या गिऱ्हाइकाला दाखवायला उरतं मोकळं पाणी.

होडी डोलली की काय होतं हेही सांगायला हवं. पट्टा १० सेंटीमीटरचा असताना होडीतला एखादा माणूस नुसता पुढे वाकला तरी फोकस सरकतो. त्यामुळे इंजिन असेल तर आधीच बंद करून वल्ह्याने किंवा बांबूने सावकाश सरकायचं, होडी स्थिर झाली की मग “घ्या आता” म्हणायचं. कॅमेऱ्यावर सतत फोकस धरणारा मोड असतो, होडीत तोच लावायला सांगावा. फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा स्पष्ट असला आणि शेपूट धुरकट असलं तर बघणारा माफ करतो, उलटं झालं तर करत नाही. नवीन कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप धरतात, पण गवतात बसलेल्या पक्ष्यात तेही चुकतात.

मग कोणता आकडा ठेवायचा?

एकटा बसलेला पक्षी, खंड्या म्हणा, वेडा राघू म्हणा, तर एफ/५.६ ते एफ/८. लेन्स ६.३ पासून सुरू होत असेल तर ६.३ ते ८. खंड्याची चोच लांब असते, त्यामुळे तो समोर तोंड करून बसला असेल तर एफ/८ बरं, आडवा असेल तर भोक मोठं ठेवलं तरी चालतं. चित्रबलाकांची जोडी पुढे-मागे उभी असेल तर एफ/११ पर्यंत जावं लागतं. थव्याला लांबूनच घ्यायचं, तिथे एफ/८ बहुतेक पुरतं, कारण अंतरानेच पट्टा रुंद झालेला असतो. एफ/१६ च्या पुढे जाण्यात फायदा नाही. उजेड संपतो आणि इतक्या बारीक भोकात प्रकाश कडेला विखुरतो, त्याने फोटो सगळीकडूनच थोडा मऊ पडतो.

उजेडाची अडचण कायमची. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख गोठवायला सेकंदाचा दोन हजारावा भाग तरी शटर लागतं. बसलेल्या पक्ष्याला जमिनीवरून पाचशेवा भाग चालेल, डोलत्या होडीतून हजारावा बरा. सकाळी सातला एवढा उजेड नसतो. एफ/५.६ चं एफ/८ केलं तर दोन हजारावा भाग होता तिथे हजारावा होतो, नाहीतर आयएसओ दुप्पट करावा लागतो. आयएसओ युरियासारखा. थोडा टाकला तर काम होतं, जास्त झाला तर फोटोवर दाणे उठतात. म्हणून सूर्य वर येईपर्यंत भोक मोठं ठेवून एकेकटे पक्षी घ्यायचे आणि आठच्या पुढे उजेड भरला की थवे घ्यायचे, असा क्रम लावला तर दोन्ही साधतं. दहाच्या पुढे पाण्यावर गरम हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबचा पक्षी धुरकट आला तर त्यात अ‍ॅपर्चरचा दोष नाही, तिथे कितीही आकडे फिरवले तरी उपयोग नाही.

मागचं धुरकट म्हणजेच चांगलं का?

पक्षी स्पष्ट आणि मागे सगळं लोण्यासारखं मऊ, असा फोटो मोबाइलवर लगेच उठून दिसतो. त्यामुळे चांगला फोटो म्हणजे तोच, असा समज झालाय. मागचं मऊ होणं नुसतं आकड्यावर नसतं. बगळा बांधावर बसलाय आणि त्याच्या मागे पाच फुटांवर ऊस आहे, तर एफ/५.६ लाही उसाची पानं रेघोट्यांसारखी दिसत राहतात. तोच बगळा मागे दोनशे फूट मोकळं शिवार असेल अशा बाजूने घेतला तर एफ/८ लाही मागे नुसता हिरवा रंग येतो. होडीवाल्याने होडी थोडी फिरवून पक्ष्याच्या मागे काठाच्या वेड्या बाभळीऐवजी लांबचं पाणी आणलं, तर गिऱ्हाइकाची लेन्स आपोआप भारी वाटायला लागते. आणि कॅमेरा जितका पाण्याच्या जवळ, खाली धरला तितकी पाठीमागची जागा लांब जाते. उभं राहून वरून घेतलं तर पक्ष्याच्या पायाखालचं पाणीच मागे येतं.

पण दर वेळी मागचं पुसून टाकायची गरज नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाच्या पाण्याखाली इथली गावं गेली, त्याच पाण्यावर पुढे मासेमारी उभी राहिली आणि त्याच पाण्यात पक्षी उतरतात. राखी बगळा, मागे जाळं ओढणारा माणूस आणि काठाचा ऊस, असा एफ/११ चा फोटो घेतला तर तो उजनीचा आहे हे सांगावं लागत नाही. नुसता मऊ हिरव्या रंगापुढचा बगळा कुठलाही असू शकतो.

फांदी तोडायची नाही

पावसाळ्यात विहिरीवर सुगरणीची घरटी लागतात, तिथे फोटोवाले मधे येणारी फांदी, गवत बाजूला करतात, कधी तोडतात. आडोसा गेला की घरटं उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरट्यापासून लांब राहणंच बरं. पण कुठेही मधे गवत येत असेल तर त्यावर अ‍ॅपर्चरच उपाय आहे. भोक मोठं ठेवायचं आणि लेन्स गवताच्या अगदी जवळ न्यायची. पात्याची टिकली इतकी मोठी पसरते की पातं दिसेनासंच होतं, फक्त हलकी हिरवी वाफ राहते. शेडनेटच्या किंवा तारेच्या जाळीतून फोटो घ्यायचा तरी हेच : जाळीला लेन्स भिडवायची, पक्षी जाळीपासून लांब हवा.

मोबाइल हातात आहे त्यांच्यासाठी

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये जे मागचं धुरकट होतं ते भोकामुळे होत नाही. मोबाइल अंदाजाने वस्तू कापतो आणि बाकीच्यावर धूर फिरवतो. माणसाच्या चेहऱ्याला ते जमतं. पक्ष्याचे बारीक पाय, तुरा, बसलेली काटकी यात तो गोंधळतो, हुदहुदचा अर्धा तुरा गायब होतो. पक्ष्याला साधा मोडच बरा. मागचं धुरकट होत नाही, तर मागचं निवडायचं. अंगणात पाण्याचं परळ ठेवलेलं असेल तर त्याच्याजवळ एक सुकी फांदी रोवावी, अशी की तिच्या मागे वीस-पंचवीस फुटांवर झाडाची गडद सावली येईल. फांदीवर ऊन, मागे सावली. चिमणी, बुलबुल येऊन बसले की मागे काळपट एकच रंग राहतो आणि पक्षी उठून दिसतो. मोबाइल आधीच जवळ टेकवून ठेवायचा आणि व्हिडिओ चालू करून लांब जायचं. दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाइल नीट चिकटवून लांबचा पक्षीही घेता येतो, फक्त हात हलता कामा नये.

ज्या पोरांनी जुना कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स घेतलीय, त्यांनी पक्ष्यांच्या मागे जाण्याआधी बांधावर सराव करावा. मक्याची तीन कणसं एकामागे एक, वीतभर अंतराने उभी करायची. दहा पावलांवरून ३०० मिलिमीटरला मधल्या कणसावर फोकस करायचा आणि एफ/५.६, ८, ११, १६ ला एकेक फोटो घ्यायचा. ५.६ ला पुढचं आणि मागचं कणीस धुरकट येईल, १६ ला जेमतेम जमेल. मग वीस पावलांवर जाऊन पुन्हा ५.६ ला घ्यायचा. तिन्ही कणसं स्पष्ट येतात की नाही ते फोटो मोठा करून, दाणे मोजून बघायचं.